खांसी किधर, कोकनी?

मर्झूकचा मला हेवा वाटायचा, हे आधीच सांगून टाकतो. एकदा सांगितलं की पुढचं लिहायला सोपं जाईल. माणूस आपल्यापेक्षा शिकलेला असेल, वरच्या हुद्द्यावर असेल, निदान देखणा असेल, तर त्याच्यावर जळण्यात काही रीत असते. मर्झूक यातलं काहीच नव्हता. अहमदीच्या दवाखान्यात तो अटेंडंट होता. फरशी पुसायची, बाटल्या धुवायच्या, रोग्यांची रांग लावायची, ही त्याची कामं. मी तिथला कंपौंडर. मुंबईत परीक्षा पास होऊन आलेला, अंगात पांढरा कोट, खिशाला दोन पेनं. आणि तरी दहा वर्षं मी त्या फरशी पुसणाऱ्या माणसावर जळत होतो.

अहमदी हे तेल कंपनीनं वाळवंटात पट्टीनं आखलेलं गाव. साहेबांचे बंगले एकीकडे, आम्हा हिंदी-पाकिस्तानी कारकुनांच्या खोल्या मधे, मजुरांची वस्ती पलीकडे. दवाखानेसुद्धा तसेच वाटलेले. आमचा दवाखाना मजुरांचा. रोगी आधी माझ्या खिडकीशी यायचा, मी त्याची तक्रार रजिस्टरात इंग्रजीत लिहायचो, मग किरकोळ असेल तर औषध मीच द्यायचो आणि नसेल तर आत डॉक्टरांकडे पाठवायचो. म्हणजे दवाखान्याचा दरवाजा मीच होतो. असं निदान मला वाटायचं.

मर्झूक पन्नाशीचा असेल. उंच, काळाकुळकुळीत, दाढी अर्धी पिकलेली. त्याच्या बापाला झांजीबारकडून गलबतात घालून आणलं होतं, विकलं होतं आणि पुढे कधीतरी मालकानं मोकळं केलं होतं. मर्झूक स्वतः कुवेतमध्येच जन्मलेला, तरी बाजारात एखादा त्याला 'अब्द' म्हणून हाक मारायचा. अब्द म्हणजे गुलाम. मर्झूक वळूनसुद्धा बघायचा नाही. फक्त त्या दिवशी दवाखान्याची फरशी दोनदा पुसली जायची.

मी मुरुडचा. आमच्याकडे जंजिऱ्याला सिद्दी नवाब, आणि माझा आजा त्यांच्या पदरी शिपाई. हे मी एकदा सहज मर्झूकला सांगितलं. तो हातातला बोळा बादलीत टाकून उभा राहिला.

"काला राजा?" त्यानं विचारलं.

"काळाच. तुझ्यासारखा."

"और तेरा दादा उसको सलाम करता था?"

"करता था."

तेव्हापासून आठवड्यातून एकदा तरी तो मला ती गोष्ट पुन्हा सांगायला लावायचा. किल्ला केवढा, तोफा किती, माझा आजा सलाम करताना किती वाकायचा. मी सांगायचो आणि तो पोट धरून हसायचा. पुढे पुढे तर नवा रोगी आला की त्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगायचा, "इसका दादा काले राजा का नौकर था." मला ते आवडायचं नाही. पण गोष्ट मीच सुरू केली होती, आता तक्रार कुणाकडे करणार?

त्याची हिंदुस्तानी अशी मोडकीतोडकी आणि मजेदार, कारण ती त्यानं बंदरांवर गोळा केली होती. तरुणपणी तो मोती काढणाऱ्या होड्यांवर होता. तो धंदा बसला तेव्हा गलबतांवर गेला, मुंबई, रत्नागिरी, कालिकत असा फिरला. रत्नागिरीला एकदा वारा पडला म्हणून दीड महिना राहिला आणि तिथल्या कोळणींकडून माशांची नावं शिकून आला. त्यामुळे मध्येच एखादा आमच्याकडचा शब्द तो असा टाकायचा की मला घर आठवायचं आणि त्याबद्दलही त्याचा राग यायचा.

आता त्याची रांग लावण्याची पद्धत. कुठलाही माणूस रांग पुढून लावतो. मर्झूक मागून सुरुवात करायचा. सगळ्यात शेवटी उभ्या असलेल्या माणसाजवळ आधी जायचा, त्याचं मनगट दोन बोटांत धरायचा आणि तीन प्रश्न विचारायचा. अरबाला अरबीत, आपल्या माणसाला हिंदुस्तानीत.

"खाया? सोया? किसके साथ बात किया?"

एवढंच. मग पुढचा माणूस, मग त्याच्या पुढचा. मी एकदा विचारलं, मागून का? तर म्हणाला, "जिसको बहुत दुखता है वो पीछे खड़ा रहता है, कोकनी. आगे तो फोड़ेवाला आता है." मला हे पटलं नाही. पण त्यानंतर मी मुद्दाम लक्ष ठेवलं, आणि फोडेवाले खरोखरच पुढे असायचे.

माझ्या खिडकीशी रोगी पोचेपर्यंत त्याचं अर्धं बोलणं मर्झूकशी होऊन गेलेलं असायचं. मी विचारायचो, काय होतंय? रोगी माझ्याकडे न बघता माझ्या खांद्यावरून मागे बघायचा, मर्झूक कुठे आहे ते. कोट माझ्या अंगात आणि विश्वास त्याच्यावर. कसं वाटत असेल मला?

फरजची गोष्ट याच काळातली. फरज हा वर्कशॉपमधला वेल्डर, पंचविशीचा, मर्झूकच्याच जातकुळीचा, फहाहीलच्या किनाऱ्यावर राहणारा. ढोल असा वाजवायचा की लग्नाचं वऱ्हाड त्याच्यासाठी अडून बसायचं. नेहमी दात दिसतील असा हसरा. तो एका सकाळी माझ्या खिडकीशी आला आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "सद्री दायिग."

सद्री म्हणजे माझी छाती, दायिग म्हणजे आवळलेली. इतकं अरबी मला येत होतं, आणि इतकंच येत होतं. मी रजिस्टरात 'चेस्ट' लिहिलं आणि खोकल्याच्या औषधाची बाटली भरून दिली. चार दिवसांनी तो पुन्हा आला. सद्री दायिग. मी पुन्हा बाटली भरली. तिसऱ्या खेपेला तो आला तेव्हा हसत नव्हता, एवढं माझ्या लक्षात आलं होतं, पण रांग मोठी होती. मी तिसरी बाटली दिली, वर म्हणालो, झोपताना घे. त्या पंधरवड्यात मर्झूकला सकाळी गोदामात सामान आणायला पाठवत होते, त्या दिवशीही तो तिथेच गेला होता. तो परतला तेव्हा मी रजिस्टर मिटत होतो.

"फरज आया था? क्या बोला?"

"छातीचा त्रास. तिसऱ्यांदा आलाय. औषध दिलं."

"कौनसा दवा?"

मी बाटली दाखवली. त्यानं ती नाकाशी धरली आणि माझ्याकडे बघितलं.

"खांसी किधर, कोकनी?"

"म्हणजे?"

"वो खांसा? एक बार भी खांसा?"

मी आठवून पाहिलं. तिन्ही खेपांत फरज एकदाही खोकला नव्हता. मर्झूकनं हातातलं सामान जिथल्या तिथे खाली ठेवलं आणि तो धावत सुटला. पन्नाशीचा माणूस, अनवाणी, भर दुपारच्या वाळूत. मीही अंगातल्या कोटासकट त्याच्या मागे धावलो. का धावतोय ते मला कळलं नव्हतं.

फरज फहाहीलच्या किनाऱ्यावर एकटा बसलेला सापडला. तीन बाटल्या त्याच्या शेजारी ओळीनं ठेवलेल्या, एकीचंही बूच उघडलेलं नाही. मर्झूक त्याच्याजवळ बसला, मनगट धरलं आणि मी आयुष्यात कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता असा प्रश्न त्यानं सरळ विचारला. अरबीत होता, तरी मला समजला. मरायचं मनात येतंय का?

आमच्याकडे असलं अभद्र कुणी बोलत नाही. बोललं तर मोठी माणसं तोंडावर हात ठेवतात. पण फरज मान हलवून हो म्हणाला आणि मग जो रडायला लागला तो अस्रची, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची, बांग होईपर्यंत थांबला नाही. ज्या घरात तो लहानपणापासून जेवत आला होता, त्या घरची मुलगी त्यानं मागितली होती. त्यांनी त्याला आपली पायरी ओळख म्हणून सांगितलं होतं. रडून झाल्यावर मर्झूक त्याला घेऊन मोठ्या डॉक्टरांकडे गेला.

परतताना मी मर्झूकवर चिडलो. असा प्रश्न विचारतात का? नसलं मनात तर यायचं!

"समुंदर में मुशी है क्या, ऐसा पूछने से मुशी आती है?" त्यानं विचारलं. मुशी म्हणजे आमच्याकडचा शार्क, हा त्याच्या रत्नागिरीच्या ठेवणीतला शब्द. "मुशी होती है, या नहीं होती. पूछा तो मालूम पड़ता है."

मग तो म्हणाला, "सब समझते हैं काला आदमी गाता है, ढोल बजाता है, हँसता है. उसको क्या दुख? हमारा आदमी रोता है तो भी लोग समझते हैं गाना है."

सद्री दायिगचा अर्थ मला त्या दिवशी कळला. छातीशी त्याचा काही संबंध नाही. आपण मराठीत 'जीव गुदमरतो' म्हणतो ना, तेच. आमच्या गावात एखादी बाई जीव गुदमरतो म्हणाली तर तिला कुणी खोकल्याचं औषध देत नाही. मी मात्र एका जिवंत माणसाला तीनदा दिलं होतं. आणि खरं सांगतो, त्या संध्याकाळी मला लाज वाटली ती थोडी, आणि मर्झूकचा हेवा वाटला तो जास्त. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी हुकूम काढला की सद्री दायिग म्हणणारा कुणीही आला तर त्याला थांबवून न ठेवता त्यांच्याकडे पाठवायचं, 'मर्झूकसोबत'. सरकारी कागदासारख्या त्या कागदावर अटेंडंटचं नाव होतं. माझं नव्हतं.

फरजला त्यानं कसं सांभाळलं तेही बघितलं मी. एकट्यानं नाही. त्यानं पाळ्या लावल्या. सकाळी फरजची मावशी, दुपारी वर्कशॉपमधला जोडीदार, संध्याकाळी स्वतः मर्झूक, आणि आठवड्यातून एकदा डॉक्टर. कुणी उपदेश करायचा नाही, फक्त जवळ राहायचं आणि ते तीन प्रश्न विचारायचे. ही रीत त्यानं होडीवरून आणली होती. मोती काढायला एकजण दोर धरून पाण्याखाली जातो आणि दुसरा वर होडीत त्याचा दोर धरून उभा असतो. मर्झूक हा वरचा. खालच्यानं दोराला हिसका दिला की वरच्यानं ओढून घ्यायचं.

"और झटका नहीं आया तो?" मी विचारलं.

"तो भी खींचने का," मर्झूक म्हणाला. "जिसका दम गया वो झटका कैसे मारेगा?"

त्याच्या दोराच्या खालच्या टोकाला त्याचा धाकटा भाऊ जौहर असायचा. बारा हंगाम जौहर खाली गेला आणि बारा हंगाम मर्झूकनं त्याला वर घेतला. मोत्यांचा धंदा बसला, सगळे किनाऱ्यावर रिकामे बसले, आणि त्या वर्षी जौहरनं जीव दिला. पाण्यात नाही, जमिनीवर. त्याआधी महिनाभर तो भावाला म्हणत होता, सद्री दायिग.

"उस साल सबका सद्री दायिग था," मर्झूक बाटली धुता धुता म्हणाला. "मैंने बोला, मेरा भी है, चल सो जा." एवढंच बोलून त्यानं नळ मोठा सोडला.

त्याचे तळहात मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितले. आडवे पांढरे वळ होते, दोराचे. माझ्याजवळ तसलं काही नव्हतं दाखवायला.

इथवर सगळं ठीक चाललं होतं असं म्हणता येईल. माझं जळणं आतल्या आत होतं. ते बाहेर आलं हनीफमुळे. हनीफ माझा धाकटा भाऊ. मीच त्याला गावाहून आणून कंपनीच्या रंगकामावर लावला होता. एका जुम्म्याला मी दुपारची नमाज पढून परत येतो तर दवाखान्याच्या मागच्या पायरीवर हनीफ मर्झूकच्या खांद्यावर डोकं ठेवून बसलेला. डोळे सुजलेले. मला बघून उठला. खोलीवर गेल्यावर मी त्याला फैलावर घेतलं. काय झालं म्हणून विचारतोय, तर बोलेना. शेवटी बोलला.

"तुना कसा सांगू, भाय? तू अम्माला सांगलास का हनीफला मी सांभालतंय. मना घरची याद येतं, रडाया येतं, ह्या तुना सांगून तुजा मान कशाला घालवू?"

"आनी त्या हबश्याला सांगलास?"

"त्यानं विचारलान," हनीफ म्हणाला. "तू कदी विचारलास?"

दुसऱ्या दिवशी मी मर्झूकला गाठलं. म्हणालो, माझा भाऊ आहे तो, माझं रक्त आहे, तू कोण मध्ये पडणारा? तो शांतपणे म्हणाला, "बड़ा भाई को आदमी सलाम करता है, झटका नहीं मारता." बोलला ते खरं होतं. आणि खरं होतं म्हणूनच माझ्या डोक्यात तिडीक गेली.

मोठे डॉक्टर तेव्हा तीन महिन्यांच्या रजेवर विलायतेला गेले होते. मी चांगल्यापैकी इंग्रजीत ऑफिसला एक अर्ज लिहिला. अटेंडंट अशिक्षित असून रोग्यांशी नको त्या विषयांवर बोलतो, अशुभ प्रश्न विचारतो, रांगेत खोळंबा करतो आणि कंपौंडरच्या कामात ढवळाढवळ करतो. प्रत्येक वाक्य तसं पाहिलं तर खरंच होतं. खोटं असं मी काहीच लिहिलं नाही, आणि त्याहून वाईट काम मी जन्मात केलेलं नाही. आठवड्याभरात मर्झूकची बदली पाइप यार्डात झाली. तिथे मैलभर नळ रचून ठेवलेले, कुंपण, आणि राखणीला एक माणूस. बोलायला चिटपाखरू नाही.

जाताना त्यानं फरशी दोनदा पुसली.

मग माझं राज्य सुरू झालं. रांग मी पुढून लावली. काम झटपट व्हायला लागलं. रोगी आता माझ्याकडेच बघायचे, कारण मागे बघायला कुणी नव्हतं. आणि दोन महिने माझ्या रजिस्टरात सद्री दायिग हा शब्द एकदाही आला नाही. मी मनाशी म्हटलं, बघा, उगाच बाऊ केला होता. कुणाला काही नव्हतं. पण जेवायला बसलो की हनीफ भिंतीकडे तोंड करून जेवायचा, आणि शेवटी उभे राहणारे काहीजण आता दवाखान्यात येतच नाहीत, हेही मला दिसत होतं. दिसत होतं, पण बघत नव्हतो.

एका दुपारी रांग संपत आली होती. मी मान खाली घालून लिहीत होतो. शेवटचा माणूस खिडकीशी आला.

"काय तक्रार?"

"सद्री दायिग."

आवाज ऐकला आणि पेन थांबलं. मान वर केली तर मर्झूक. दाढी सगळी पांढरी झालेली, गाल आत गेलेले. क्षणभर वाटलं, टोमणा मारायला आलाय, आता मोठ्यानं हसेल आणि विचारेल, खांसी किधर. तो हसला नाही. छातीवर हात ठेवून तसाच उभा राहिला, फरज उभा राहायचा तसा.

मी खिडकी बंद केली आणि बाहेर आलो. काय करावं ते सुचेना, म्हणून तो करायचा तेच केलं. त्याचं मनगट दोन बोटांत धरलं. आणि तो सरळ प्रश्न विचारला.

"मरना दिल में आता है?"

"आता है," मर्झूक म्हणाला. "उधर यार्ड में कोई नहीं, कोकनी. जौहर बैठता है मेरे साथ. बोलता है, चल."

"खाया?"

"कल."

"सोया?"

"नहीं."

"किसके साथ बात किया?"

"अभी," तो म्हणाला. "तेरे साथ."

मी पायरीवर बसलो, त्यालाही बसवलं. त्याच पायरीवर, जिथं हनीफ बसला होता. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. म्हणालो, मर्झूक, ऑफिसला चिठ्ठी मी लिहिली होती.

"मालूम है. ऑफिस का चपरासी फरज का मामू है."

"मग माझ्याकडे का आलास? फरज होता, त्याची मावशी होती, तुझी सगळी माणसं होती."

"वो लोग ने मेरे को हमेशा ऊपर देखा. मैं नीचे है, ऐसा बोला तो डर के मारे रस्सी छोड़ देंगे." मग त्यानं माझ्या कोटाची बाही धरली. "और तू ये लफ्ज एक बार गलत सुना. जो एक बार गलत सुना, वो दूसरी बार गलत नहीं सुनता."

इतकी वर्षं मला वाटत होतं की या माणसानं एकदा तरी मला निवडावं. त्यानं निवडलं, आणि कशासाठी निवडलं ते बघा.

त्या दुपारपासून त्याला एकटं सोडलं नाही. हनीफ धावत जाऊन फरजला घेऊन आला. फरजनं एक प्रश्न न विचारता पाळ्या लावल्या, जशा त्याच्यासाठी लागल्या होत्या. सकाळी त्याची मावशी, संध्याकाळी फरज, जुम्म्याला हनीफ, दुपार माझी. बदली डॉक्टर तरुण होते, त्यांना मी रजिस्टर न दाखवता तोंडी सगळं सांगितलं, आणि त्यांनी नीट ऐकून घेतलं. औषधं दिली, रोज बघायला येत राहिले. अस्रनंतर एकदा फहाहीलला त्याच्या माणसांनी त्याला ढोलांच्या घरी नेलं, दुखणाईतासाठी सगळे जमून गातात-वाजवतात तिथे. मध्ये चटईवर मर्झूकला बसवलं, भोवती बाया-पुरुष, एक म्हातारा मोठी तारांची वीणा छेडतोय, फरज ढोल धरून. गाणं होतं की रडणं, मला कळत नव्हतं. मी दारात चपलांजवळ उभा होतो. शंभर हातांनी दोर धरला होता आणि त्यात माझे दोन कुठेच दिसत नव्हते. त्यावेळीसुद्धा मला त्या लोकांचा हेवा वाटला. मी सुधारलो बिधारलो असं कुणी समजू नये.

मी ऑफिसला दुसरा अर्ज लिहिला. पहिला अर्ज मत्सरापोटी लिहिला होता, असं स्वच्छ इंग्रजीत लिहिलं. सुपरिंटेंडेंटनं मला उभं करून झापलं. मोठे डॉक्टर रजेवरून आले, त्यांनी दोन्ही अर्ज वाचले आणि आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी मर्झूक बोळा आणि बादली घेऊन हजर. पूर्ण बरा झालेला नव्हता. अधूनमधून दुपारी गप्प व्हायचा, मग मी बाटल्या बाजूला ठेवून त्याच्याशेजारी बसायचो. मनगट द्यायला तो कधी नाही म्हणाला नाही. रांग पुन्हा मागून सुरू झाली. रजिस्टरात सद्री दायिग पुन्हा दिसू लागलं, आणि आता मी 'चेस्ट' लिहीत नव्हतो. इंग्रजी शब्द सापडला नाही म्हणून ते दोन शब्द तसेच लिहायचो.

पुढे कुवेत स्वतंत्र झालं, तोवर तिथे चालणारा आपला रुपया जाऊन दिनार आला. हनीफचं लग्न झालं. फरजनंही दुसरीकडे लग्न केलं आणि मुलाचं नाव मर्झूक ठेवलं, त्याचाही मला महिनाभर राग होता. साठ सालानंतर चार-पाच वर्षांनी अम्मा आजारी पडली म्हणून मी नोकरी सोडून गावी निघालो.

जायच्या दिवशी सकाळी बस दवाखान्यासमोरूनच सुटणार होती. मर्झूक पायरी पुसत होता. एक गोष्ट माझ्या मनात पहिल्या दिवसापासून खुपत होती, ती मी शेवटी विचारलीच. म्हटलं, एवढ्या वर्षांत तू हजारो लोकांना विचारलंस, खाया, सोया, किसके साथ बात किया. मला एकदाही नाही विचारलंस. का? मी माणूस नाही?

तो आधी हसायलाच लागला. काळ्या राजाच्या गोष्टीला हसायचा तसा, पोट धरून.

"तेरे को क्या पूछने का?" तो म्हणाला. "तू सुबह चिढ़ता है, दोपहर को जलता है, शाम को झगड़ता है. तेरी रस्सी तो दिनभर हिलती है, कोकनी. मैं ऊपर बैठा देखता हूँ, हिलती है, हिलती है, अच्छा, जिंदा है."

बोलता बोलता त्यानं माझं मनगट धरलं होतं. नेहमीसारखी दोन बोटं नव्हती, अख्खा तळहात होता. वळ लागले माझ्या कातडीला. म्हणाला, रांग आटपून येतो, बस सुटायच्या आत येतो.

रांग मोठी होती. बसचं इंजिन सुरू झालं. मी खिडकीतून मान काढून बघत होतो. हाक मारली असती तर त्याला ऐकू गेली असती. मर्झूक रांगेच्या अगदी शेवटी, भिंतीला टेकून उभ्या असलेल्या एका माणसाजवळ वाकला होता. कोण होता तो, मला माहीत नाही. तोंडावर मळका रुमाल होता. मर्झूकनं त्याचं मनगट दोन बोटांत धरलं होतं आणि तो माणूस त्याला काहीतरी सांगत होता. बस हलली तरी मर्झूकनं मान वर केली नाही.

मी हाक मारली नाही. पण त्या रुमालवाल्याचा मला अजून हेवा वाटतो.